बायॉसचा जनक : गॅरी किल्डॉल

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो. मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. त्यामुळे माझ्या मराठीत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडणारच. संपादक मंडळाने काही दुरुस्त केल्यात, उरलेल्या तुम्ही पोटात घाला. मॅगझीनच्या इंग्लिश सेक्शनला दे असं सर म्हणत होते, पण ही गोष्ट मला पहिल्यांदा सांगावीशी वाटली ती खांबला, आमच्या काकांच्या गॅरेजमध्ये बसून, आणि तिथे इंग्लिशमध्ये सांगून काही उपयोग नव्हता!

गोष्टीचं मूळ मात्र आमच्या हॉस्टेलच्या रूममध्ये आहे. आमचा पीसी म्हणजे बारा गावचं पाणी. कॅबिनेट पास-आउट झालेल्या सिनियरचं, एसएमपीएस दुसऱ्याचा, रॅमच्या दोन स्टिक दोन कंपन्यांच्या आणि मदरबोर्ड लॅमिंग्टन रोडवरून घासाघीस करून आणलेला. त्यावर लिनक्स टाकलं. सगळं छान चाललं, फक्त एक खोड. रात्री पीसी स्लीपला टाकला की पंखा थांबायचा, दिवा लुकलुकायचा आणि दोनच सेकंदांत साहेब पुन्हा जागे. पंखा सुरू, स्क्रीन सुरू. रूममेटची सकाळी ओरल असेल तर त्याची झोप, आणि त्यानंतर माझी, दोन्ही उडालेल्या.

आठवडाभर शोधाशोध केल्यावर कळलं की दोष लिनक्सचा नाही आणि पार्ट्सचाही नाही. दोष एका तक्त्यात होता. प्रत्येक मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये काही टेबल्स असतात. बोर्डवर कोणकोणती डिव्हाइसेस आहेत, कोणती कुठल्या वायरवर आहे, कोणाला झोपलेल्या मशीनला उठवायची परवानगी आहे, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. मशीन सुरू होताना फर्मवेअर हे तक्ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातात देतं. यातल्या मुख्य तक्त्याचं नाव डीएसडीटी. लिनक्समध्ये तो फाइलमध्ये काढता येतो, इंटेलच्या आयएएसएल या टूलने उलगडून वाचता येतो, बदलून पुन्हा कंपाइल करता येतो आणि बूट होताना मूळ तक्त्याऐवजी आपला तक्ता वापर असं कर्नलला सांगता येतं. आमच्या बोर्डच्या तक्त्यात यूएसबी कंट्रोलरसमोर, तो किती गाढ झोपेतून मशीनला उठवू शकतो या रकान्यात, ४ हा आकडा होता. आम्ही तिथे ० केला. तक्त्याचा रिव्हिजन नंबर एकने वाढवला, कारण तो वाढवला नाही तर कर्नल नव्या तक्त्याकडे ढुंकूनही बघत नाही (यात आमची एक रात्र गेली). मशीन झोपलं ते सकाळीच उठलं.

नंतर एका सिनियरने दाखवून दिलं की हेच काम एका ओळीच्या कमांडने झालं असतं, फक्त ती प्रत्येक बूटला द्यावी लागते. असो. त्या आठवड्यात मी जे वाचलं ते त्या कमांडने वाचलं गेलं नसतं.

माझा प्रश्न साधा होता. ऑपरेटिंग सिस्टिम एक, मशीनं हजार, आणि मधे एक तक्ता. ही युक्ती सुचली कोणाला? शोधत शोधत मागे गेलो तर एकाच माणसापाशी येऊन थांबलो. त्याचं नाव गॅरी किल्डॉल. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे नाव ऐकलं असेल तर ते एका वेगळ्याच गोष्टीत, की आयबीएमचे लोक दारात आले तेव्हा हा माणूस विमान उडवायला गेला होता आणि त्यामुळे बिल गेट्स श्रीमंत झाला. त्या गोष्टीकडे येतोच. पण आधी माणूस बघू.

गॅरीचा जन्म १९ मे १९४२ चा, अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या सिएटल या बंदराच्या गावी. घरची शाळा होती, आणि तीही कसली, तर नौकानयनाची! आजोबांनी काढलेली आणि वडील चालवत असलेली. जहाजावर जाणारी मुलं तिथे परीक्षेची तयारी करायला यायची. आपल्या कोकणातल्या कुठल्याही खलाशाला विचारा, त्या काळी समुद्रात जहाज कुठे आहे हे काढायचं म्हणजे सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायची आणि मग जाडजूड पुस्तकातले तक्ते चाळत बेरजा-वजाबाक्या करायच्या. गॅरी या तक्त्यांच्या घरातच वाढला. वडिलांना सारखं वाटायचं की हे आकडे हँडल फिरवून बाहेर काढणारं एखादं यंत्र असावं. मुलाने ते डोक्यात ठेवलं.

शाळेत मात्र तो काही स्कॉलर वगैरे नव्हता. त्याचं लक्ष मोटारी उघडून पुन्हा जोडण्यात. शाळा संपल्यावर काही काळ घरच्याच शाळेत शिकवलं, शाळेपासूनची मैत्रीण डोरोथी मॅकएवन हिच्याशी लग्न केलं आणि मग युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये नाव घातलं. व्हायचं होतं गणिताचा शिक्षक. पण तिथे कॉम्प्युटर भेटला. पुढचं आपल्यापैकी अनेकांना सांगायला नको. मॅथ्सचं पुस्तक बंद आणि रात्रभर मशीनसमोर.

तो काळ व्हिएतनाम युद्धाचा. सक्तीची भरती चालू होती. गॅरी नौदलात गेला, पण लढाऊ जहाजावर जाण्याऐवजी कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूलमध्ये अधिकाऱ्यांना कॉम्प्युटर सायन्स शिकवायची ड्यूटी त्याने पत्करली. शिकवता शिकवता १९७२ मध्ये पीएचडी पूर्ण केली. विषय होता कंपायलर प्रोग्रॅमला आपोआप सुधारतो कसा. टी.ई.च्या मित्रांनो, कंपायलरच्या पेपरला डेटा फ्लो अॅनालिसिसवर दहा मार्कांचा प्रश्न येतो ना? त्याच्या मुळाशी या माणसाचा १९७३ चा पेपर आहे. म्हणजे बायॉस बाजूला ठेवला तरी गॅरी आपल्या सिलॅबसमध्ये आहेच, फक्त नावानिशी कोणी सांगत नाही.

आता खरी गंमत. नोव्हेंबर १९७१ मध्ये इंटेलने ४००४ हा पहिला मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. पंचवीस डॉलरमध्ये कॉम्प्युटर अशा आशयाची जाहिरात गॅरीने वाचली आणि त्याला वडिलांचं ते हँडलचं यंत्र आठवलं. त्याने आधी मोठ्या कॉम्प्युटरवर ४००४ ची नक्कल करणारा प्रोग्रॅम लिहिला आणि त्यावर साइन-कोसाइन काढायची रूटीन्स बसवली. इंटेलला ती हवीशी वाटली. मग तो आठवड्यातून एक दिवस इंटेलकडे सल्लागार म्हणून जाऊ लागला. चिपवर असेंब्लीमध्ये लिहिताना लोकांची दमछाक होते हे पाहून त्याने १९७३ मध्ये पीएल/एम ही भाषा तयार केली. मोबदल्यात इंटेलने जी मशीनं दिली ती त्याने वर्गाच्या मागच्या बाजूला मांडली आणि विद्यार्थ्यांना खुली केली. मला वाटतं ती देशातल्या पहिल्या मायक्रोकॉम्प्युटर लॅब्जपैकी एक असावी, आणि तिथे जर्नल पूर्ण असल्याशिवाय प्रवेश नाही असा नियम नसावा.

पण डेटा ठेवायचा कुठे? कागदी टेप. प्रोग्रॅम कंपाइल करायचा म्हणजे फीतच्या फीत भोकं पाडून वाचवायची. नवीन निघालेला आठ इंची फ्लॉपी ड्राइव्ह गॅरीने शुगार्ट कंपनीकडून मिळवला, वापरून झालेला. ड्राइव्ह आला, पण त्याला मशीनशी जोडणारा कंट्रोलर नव्हता. गॅरीने स्वतः बनवायचा प्रयत्न केला आणि हरला. सॉफ्टवेअरचा किडा, सोल्डरिंग गनची भानगड जमेना. (आमच्या ब्रँचचा जुना आजार!) शेवटी युनिव्हर्सिटीचा मित्र जॉन टोरोड मदतीला आला. त्याने १९७४ मध्ये चालणारा कंट्रोलर बनवला आणि पॅसिफिक ग्रोव्ह गावातल्या गॅरीच्या घरामागच्या अवजारांच्या खोलीत ड्राइव्ह पहिल्यांदा फिरला. त्या ड्राइव्हसाठी गॅरीने जो प्रोग्रॅम लिहिला होता त्याचं नाव सीपी/एम. फाइल्सना नावं देणारा, त्या डिस्कवर ठेवणारा, परत आणून देणारा. इंटेलला तो दाखवला तर इंटेलने भाषा ठेवून घेतली आणि ऑपरेटिंग सिस्टिम नको म्हटलं. त्यामुळे ती गॅरीचीच राहिली.

इथपर्यंत तो एका हुशार प्रोफेसरचा घरगुती उद्योग होता. खरा टर्न आला १९७६ मध्ये.

त्या वर्षीपर्यंत अमेरिकेत लोक घरी किट आणून कॉम्प्युटर जोडू लागले होते. अल्टेअर, इमसाय अशी नावं. प्रोसेसर सगळ्यांचा ८०८० च्या जातीचा, पण बाकी सगळं ज्याचं त्याचं. कोणाचा टर्मिनल एका पोर्टवर, कोणाचा दुसऱ्या. कोणाचा डिस्क कंट्रोलर या कंपनीचा, कोणाचा स्वतः तारा गुंडाळून केलेला. इमसाय कंपनीला आपल्या मशीनसाठी सीपी/एम हवं होतं. तिथला ग्लेन युइंग गॅरीचा जुना ओळखीचा. गॅरीसमोर प्रश्न असा, की आधीच दोन-तीन वेगवेगळ्या कंट्रोलर्ससाठी त्याने आख्खा प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा बदलला होता. आता चौथ्यांदा? आणि मग पाचव्यांदा, पन्नासाव्यांदा?

इथे क्षणभर मुंबईत या. आपल्या टीआयएफआरमधल्या मंडळींनी १९५० च्या दशकात कुलाब्याला स्वतःच्या हाताने आख्खा कॉम्प्युटर बांधला, त्याला १९६२ मध्ये नेहरूंनी टिफ्रॅक हे नाव दिलं. जबरदस्त काम. पण त्या मशीनसाठी लिहिलेला प्रोग्रॅम त्या एकाच मशीनचा. दुसरीकडे नेला तर कागदाला किंमत शून्य. हे टिफ्रॅकचंच नाही, तेव्हा बहुतेक ठिकाणी असंच होतं. मशीन वेगळं तर सगळंच वेगळं, आणि यात कोणाला काही चुकीचं वाटत नव्हतं.

गॅरीने प्रोग्रॅमचे दोन तुकडे केले. फाइल्स, नावं, डिरेक्टरी हे सगळं ज्यात आहे तो मोठा तुकडा कोणत्याही मशीनवर जसाच्या तसा. आणि प्रत्यक्ष तारेला हात लावणारा जो छोटा तुकडा, तो वेगळा. कीबोर्डवरून एक अक्षर घे, स्क्रीनवर एक अक्षर टाक, डोकं अमुक ट्रॅकवर ने, अमुक सेक्टर वाच, लिही. बस. या छोट्या तुकड्याला त्याने नाव दिलं बेसिक इनपुट आउटपुट सिस्टिम, म्हणजेच आपला बायॉस. पीसी सुरू करताना डिलीट नाहीतर एफ२ बडवत आपण ज्यात शिरतो त्या गोष्टीचं बारसं इथे झालं. (गॅरीचा बायॉस मात्र बहुतेक वेळा चिपवर नसून फ्लॉपीच्या पहिल्या ट्रॅक्सवर असायचा आणि तिथून मेमरीत यायचा.)

हा भाग मला फार आवडला म्हणून जरा तपशिलात जातो, कंटाळा आला तर पुढचे दोन पॅरा सोडा.

बायॉसच्या सुरुवातीला एक रांग. सीपी/एमच्या २.२ आवृत्तीत त्या रांगेत १७ जागा, प्रत्येक ३ बाइट्सची, म्हणजे फक्त ५१ बाइट्स. प्रत्येक जागी एक उडी. पहिली मशीन सुरू करायची, चौथी कीबोर्ड वाचायची, पाचवी अक्षर छापायची, असं. मोठ्या तुकड्याला फक्त रांगेतली जागा ठाऊक. तिथून उडी मारल्यावर तुमच्या मशीनमध्ये काय होतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मशीन जोडणाऱ्याने आपल्या पोर्टप्रमाणे ती १७ छोटी रूटीन्स लिहायची की झालं.

१९७९ च्या २.० आवृत्तीत तो आणखी एक पायरी पुढे गेला. तोपर्यंत डिस्कची मापं मोठ्या तुकड्यातच लिहिलेली होती. ठरलेली आठ इंची फ्लॉपी, ७७ ट्रॅक, ट्रॅकला २६ सेक्टर, सेक्टरला १२८ बाइट्स. पण आता सव्वापाच इंची आल्या, दुहेरी घनतेच्या आल्या, हार्ड डिस्क आली. तेव्हा गॅरीने ती मापं कोडमधून उचलली आणि बायॉसमध्ये १५ बाइट्सच्या एका तक्त्यात ठेवली. ट्रॅकला सेक्टर किती, ब्लॉक केवढा, एकूण ब्लॉक किती, डिरेक्टरीत नोंदी किती, सुरुवातीचे किती ट्रॅक सिस्टिमसाठी राखीव. जुन्या आठ इंचीसाठी त्यात २६, मग ब्लॉकचे आकडे, मग २४२, ६३, आणि शेवटी राखीव ट्रॅक २. यातला २४२ कुठून आला हे मी मेसमध्ये टिश्यू पेपरवर मांडून पाहिलं : ७७ मधून राखीव २ गेले, उरले ७५, गुणिले २६, गुणिले १२८, भागिले १०२४, येतात पूर्ण ब्लॉक २४३. मोजणी शून्यापासून, म्हणून शेवटचा नंबर २४२. बरोबर! शेजारी आणखी एक छोटा तक्ता, सेक्टर कोणत्या क्रमाने वाचायचे त्याचा : १, ७, १३, १९, २५, ५, ११... एक सेक्टर वाचून होईपर्यंत चकती पुढे फिरलेली असते, लगेच पुढचाच मागितला तर पूर्ण चक्कर वाट पाहावी लागते, म्हणून सहा-सहाच्या उड्या. नवीन ड्राइव्ह लावला? ऑपरेटिंग सिस्टिमला हात लावायचा नाही, तक्त्यातले आकडे बदला. डिजिटल रिसर्चच्या मॅन्युअलमध्ये हे कसं करायचं ते नमुन्याच्या बायॉससकट छापलेलं होतं. आपल्या खोलीत तारा जोडणाऱ्या माणसाला ते पुरत होतं.

हे मी काकांना सांगत होतो. काकांचं गॅरेज खांबला हायवेच्या कडेला, सुकेळी खिंड उतरून आलेले ट्रक तिथे गरम होऊन थांबतात. काकांनी ऐकून घेतलं आणि ड्रॉवरमधून एक ऑइलचे डाग पडलेली वही काढली. पानोपानी गाडीचं मॉडेल आणि समोर आकडे : टॅपेटचा गॅप, ब्रेकचं सेटिंग, टायरची हवा. पाने तीच, हात तोच, गाडी बदलली की वहीचं पान बदलायचं. ते इतक्या सहज म्हणाले की तुझा तो साहेब म्हणजे आपल्यातलाच दिसतोय, की मला पुढे काही समजावायचं उरलंच नाही.

१९७६ मध्ये गॅरी आणि डोरोथीने कंपनी काढली. आधी नाव भलतंच, इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च, पुढे नुसतं डिजिटल रिसर्च. पॅसिफिक ग्रोव्हच्या लाइटहाउस अॅव्हेन्यूवरच्या एका जुन्या घरात ऑफिस. हिशेब, करार, गिऱ्हाईक हे सगळं डोरोथीने सांभाळलं. आपल्याकडे अशा गोष्टींत बायकोचं नाव एका वाक्यात उरकतात, पण ती नसती तर गॅरीने सीपी/एम फुकट वाटलं असतं असं मला वाचताना वाटलं. इमसायने १९७७ मध्ये २५,००० डॉलरला एकरकमी लायसन्स घेतलं. पुढच्या चार-पाच वर्षांत सीपी/एम सुमारे ३,००० प्रकारच्या मशीन्सवर जाऊन बसलं. वर्डस्टार, डीबेस ही नावं आपल्या मामा-काकांच्या पिढीने तालुक्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये घोकली. ती दोन्ही मुळात सीपी/एमवर जन्मली. लिहिणाऱ्याने एकदा लिहायचं, तीन हजार मशीन्सवर चालवायचं. मायक्रोकॉम्प्युटरसाठी सॉफ्टवेअर विकणं हा स्वतंत्र धंदा होऊ शकला तो बऱ्याच अंशी यामुळे.

आता ती विमानाची गोष्ट.

१९८० च्या उन्हाळ्यात आयबीएम गुपचूप पर्सनल कॉम्प्युटर बनवत होती. ऑपरेटिंग सिस्टिम हवी म्हणून त्यांचे लोक मायक्रोसॉफ्टकडे गेले. ती आमच्याकडे नाही, किल्डॉलकडे जा, असं गेट्सनेच त्यांना पाठवलं. ऑगस्टमध्ये ते पॅसिफिक ग्रोव्हला आले. गॅरी खरंच विमान घेऊन गेला होता, पण मजा मारायला नाही. बिल गॉडबाउट नावाच्या गिऱ्हाइकाकडे कंपनीच्या कामासाठी तो ओकलंडला गेला होता. कराराचं काम एरवीही डोरोथीच बघायची. आयबीएमने आधी एक गुप्ततेचा कागद पुढे केला, ज्यात त्यांनी सांगितलेलं सगळं गुप्त आणि यांनी सांगितलेलं काहीच नाही. डोरोथीने वकिलाला विचारलं आणि सही करायला ती राजी होईना. दुपारी गॅरी परतला. त्यानंतर काय बोलणं झालं याबद्दल दोन्ही बाजूंच्या आठवणी आजही जुळत नाहीत. करार झाला नाही एवढं खरं. असा एकतर्फी कागद समोर आला तर सही न करणं हा वेडेपणा आहे असं मला अजिबात वाटत नाही.

पण सगळा दोष नशिबाचाही नाही. ८०८६ या नव्या प्रोसेसरसाठीचं सीपी/एम डिजिटल रिसर्चकडून निघायला फार उशीर होत होता. सिएटलच्या (हो, गॅरीच्याच गावच्या!) सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीने ८०८६ चा बोर्ड तयार करून ठेवला होता आणि त्यावर चालवायला काही नव्हतं. वाट बघून कंटाळून त्यांच्या टिम पॅटरसनने १९८० मध्ये स्वतःच एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. सीपी/एमचे प्रोग्रॅम सहज आणता यावेत म्हणून त्याने गॅरीचं मॅन्युअल समोर ठेवून बाहेरून दिसणारी फंक्शन्स तशीच ठेवली. आतलं कोड त्याचं, फाइल्स ठेवायची पद्धतही वेगळी. मायक्रोसॉफ्टने ती आधी लायसन्सवर आणि जुलै १९८१ मध्ये ५०,००० डॉलर देऊन कायमची घेतली. आयबीएम पीसीबरोबर ऑगस्ट १९८१ मध्ये आलेला डॉस तो हा.

गॅरीने जो सांधा इतका स्वच्छ ठेवला की कोणतंही मशीन खालून जोडता यावं, तो वरूनही तितकाच स्वच्छ होता, आणि तिथूनच त्याच्याजागी दुसरा येऊन बसला. वाचताना मी इथे बराच वेळ थांबलो. त्याने ते थोडं गुंतागुंतीचं, थोडं लपवलेलं ठेवलं असतं तर?

गॅरीने तक्रार केली. तेव्हा सॉफ्टवेअरच्या कॉपीराइटचा कायदा धूसर होता आणि समोर आयबीएम. तडजोड अशी झाली की आयबीएम पीसीबरोबर सीपी/एमही विकेल. गॅरीला वाटलं, लोक आपलं निवडतील. दुकानात डॉसची किंमत ४० डॉलर आणि सीपी/एम-८६ ची २४०. हॉस्टेलमधल्या कोणालाही विचारा, आपण काय घेतलं असतं.

पुढे २००४ मध्ये हॅरॉल्ड इव्हान्सच्या पुस्तकात गॅरीची बाजू मांडली गेली तेव्हा पॅटरसनने अब्रुनुकसानीचा दावा लावला. तो २००७ मध्ये कोर्टाने फेटाळला. म्हणजे गॅरी जाऊन तेरा वर्षं झाली तरी भांडण चालूच.

यानंतरचा गॅरी मला जास्त जवळचा वाटला, कारण तो हरल्यावरही नवीन खेळणी शोधतच राहिला. १९८३ पासून काही वर्षं अमेरिकन टीव्हीवर कॉम्प्युटर क्रॉनिकल्स नावाचा कार्यक्रम स्ट्यूअर्ट शिफेबरोबर केला. जुने भाग नेटवर आहेत, जरूर बघा. दाढीवाला, उंच, शांत माणूस. समोरच्याचं प्रॉडक्ट, अगदी प्रतिस्पर्ध्याचंही, लहान मुलासारखं निरखून बघतो. १९८५ मध्ये त्याच्या दुसऱ्या कंपनीने ग्रोलियरचा आख्खा एनसायक्लोपीडिया एका सीडी-रॉमवर बसवला. लोकांच्या घरी सीडी ड्राइव्ह नव्हते तेव्हा! पैसा कमी नव्हता. विमानं, बोटी, वेगवान मोटारी होत्या. १९९१ मध्ये डिजिटल रिसर्च नॉव्हेलने विकत घेतली आणि तो टेक्सासला ऑस्टिनजवळ राहायला गेला.

पण ती विमानाची गोष्ट त्याच्या मागे लागली. कुठेही गेला तरी लोक तीच विचारायचे. डोरोथीशी १९८३ मध्ये घटस्फोट झाला होता, दुसरं लग्नही टिकलं नाही आणि दारू वाढत गेली. १९९२ मध्ये त्याच्या स्वतःच्या युनिव्हर्सिटीने कॉम्प्युटर सायन्स विभागाच्या वर्धापनदिनाला त्याला माजी विद्यार्थी म्हणून बोलावलं आणि मुख्य भाषण ठेवलं ते बिल गेट्सचं, जो तिथला विद्यार्थीही नव्हता. गॅरीला ते फार लागलं. त्यानंतर त्याने आपल्या आठवणी लिहून काढल्या, मित्रांना प्रती दिल्या, पण छापल्या नाहीत. त्याच्या मुलांच्या परवानगीने त्याचा पहिला भाग २०१६ मध्ये कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने खुला केला.

८ जुलै १९९४ ला माँटेरेच्या एका बारमध्ये त्याच्या डोक्याला मार लागला. कसा, पडला की आणखी काही, हे नक्की कधीच कळलं नाही. तीन दिवसांनी, ११ जुलैला, तो गेला. वय ५२. ज्या गावात त्याने नौदलाच्या मुलांना शिकवलं होतं त्याच गावात.

त्याने दिलेलं नाव मात्र कुठे गेलं नाही. आयबीएमने आपल्या पीसीच्या चिपवर ८ केबीचं जे फर्मवेअर घातलं त्यालाही बायॉसच म्हटलं. १९९६ च्या डिसेंबरमध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय आणलं तेव्हा १५ बाइट्सच्या तक्त्याचे हजारो बाइट्सचे तक्ते झाले, आणि त्यात आमच्या यूएसबी कंट्रोलरसमोरचा तो ४ आला. आज चिपवर यूईएफआय असतं, तरी आपण सगळे बायॉसमध्ये जा असंच म्हणतो. विंडोजमधली सी ड्राइव्ह? तीही सीपी/एमच्या ए आणि बी ड्राइव्हच्या मागोमाग आलेली.

२०१४ च्या एप्रिलमध्ये पॅसिफिक ग्रोव्हच्या त्या जुन्या घरासमोर, ८०१ लाइटहाउस अॅव्हेन्यूला, आयईईईने एक फलक बसवला. सीपी/एम हा इंजिनिअरिंगमधला मैलाचा दगड, असं त्यावर नोंदलंय. आपल्या कॉलेजच्या आयईईई चॅप्टरच्या नोटीस बोर्डवर त्याचा फोटो लावायचं मी सुचवलंय, अजून परवानगी यायची आहे.

आणि आमचा पीसी? शांत झोपतो. फक्त तो ० केल्यापासून कीबोर्डचं बटण दाबून उठत नाही, कारण कीबोर्डही यूएसबीवरच आहे. उठून कॅबिनेटचं पॉवर बटण दाबावं लागतं. रूममेट कुरकुरतो, कारण कॅबिनेट माझ्या कॉटखाली आहे आणि पहाटे पाचला अभ्यासाला तो उठतो. ज्याला हा तक्ता आणखी बारीक दुरुस्त करता येत असेल त्याने रूमवर यावं. चहा आमच्याकडून.